घुमट नसलेली छत्री

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते पुए तळायचं. जयपुरात होळीनंतर शीतळामातेची अष्टमी येते. त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, सकाळी मातेला दाखवायचं आणि थंडच खायचं. पुए म्हणजे आपले गुळाचे गुलगुले, पण चपटे. ती पीठ सोडत होती, झारा माझ्या हातात.

"उलटवा ना! काय पाहता?"

"लक्ष ठेवतो. करपू नये म्हणून."

"लक्ष ठेवून काय होते? हात हालवा. रेल्वेत पण असेच रुळाकडे पाहत बसत होते काय?"

"रूळ फुगत नव्हता."

ती हसली. टोपलं भरलं. सकाळच्या बसनं चाकसूला मातेच्या मेळ्याला जायचं होतं, दरवर्षीसारखं, आमच्या दूधवालीला सोबत घेऊन. तिनं हात धुतले, उंबऱ्यात बसली आणि पाणी मागितलं. मी पेला भरून आणला तोवर तिचा जीव गेला होता. ऊन अजून अंगणातच होतं.

त्याहून जास्त मला लिहिता येत नाही. मी सातवी शिकलेला, वर्ध्याकडून इकडे बदलून आलेला गँगमन. पण माझी बायको कोण होती हे सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर आधी ठकुराणीचं सांगावं लागतं.

चाकसूच्या वाटेला, दूधवालीच्या गावाजवळ, तळ्याच्या पाळीवर एक छत्री आहे. आपली पावसातली नाही, दगडाची. राजघराण्यातल्या माणसाला जिथं जाळतात तिथं खांब उभे करून वर घुमट चढवतात, त्याला इकडे छत्री म्हणतात. या छत्रीला खांब आहेत, खांबांवर वेलबुट्टी आहे, घुमट नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हणालो, ठेकेदार पळाला वाटते.

दूधवाली म्हणाली, "ना भाईसाब, रीत आहे." बाई नवऱ्याच्या आधी मेली तर छत्री पुरी करायची. नवऱ्यामागं जगली तर अर्धी सोडायची. ही मागं जगली.

मग तिथंच पाळीवर बसून तिनं सगळं सांगितलं. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. कागदावर कुठं आहे की नाही, मला माहीत नाही.

जुन्या काळी इथला ठाकूर लढाईत पडला. घरी नुसती पगडी आली. पोरगा अंगावर पिणारा. धाकट्या दिरानं लगेच लाकडं रचून घेतली. वहिनी पगडी मांडीवर घेऊन सती गेली की गढी आपलीच. ठकुराणी न्हाऊन, नटून बाहेर आली. लोकांनी जयजयकार सुरू केला. ती सरणाकडे वळलीच नाही. सरळ दरबारात गेली, पडदा लावून घेतला आणि पोराला मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, शिक्का आणा.

दीर ओरडला, "पडद्यामागं कोण बोलतं?"

"ज्याची जमीन गिळायला निघालास, त्याची आई."

त्या दिवसापासून पोराला मिसरूड फुटेपर्यंत शिक्का तिच्या कमरेला होता. तिच्या हुकमाशिवाय त्या मुलखात पान हललं नाही. वरच्या राजानं दबाव टाकला, इमानाची खात्री म्हणून घरचा वारस ओलीस पाठवा. तिनं दिराला पाठवला! आमच्या घरात गादीवर सगळ्यात जास्त हक्क हाच सांगतो, म्हणाली. राजाला बोलायला जागा राहिली नाही आणि घरातली ब्याद परस्पर गेली. हे ऐकून माझी बायको मांडी थोपटून हसली होती. दुष्काळात ठकुराणीनं कोठारं उघडली आणि लोकांना काम म्हणून हे तळं खोदवलं. पोरगा मोठा झाल्यावर भर दरबारात शिक्का त्याच्या हातात दिला. ती गेल्यावर पोरानं छत्री बांधायला घेतली, पण घुमट चढवायची हिंमत त्यालाही झाली नाही. लोक काय म्हणतील.

माझी बायको छत्रीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाप्पा! राज्य हिनं केलं, आणि डोक्यावर घुमट कोणाला? जी आधी मेली तिला. याला न्याय म्हणता काय हो?"

मी म्हणालो, "मी काय केलं? मी बांधली काय?"

"तुम्हीच बांधली. सगळ्यांनी मिळून बांधली."

त्या संक्रांतीला रेल्वे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरात हळदीकुंकू झालं. मराठी बायका सगळ्या आल्या. तिनं दूधवालीलाही बोलावलं. दूधवालीचा नवरा कधीचाच गेलेला. ती दारातच थांबली, तर हिनं हात धरून आत आणली, पाटावर बसवली आणि सगळ्यात पहिलं कुंकू तिला लावलं. एक साहेबीण उठून निघाली. ही म्हणाली, "वाण घेऊन जा हो, राग नंतर करा." साहेबीण वाण घेऊन गेली. पुढच्या वर्षी तीच शेजारच्या एका विधवेला घेऊन आली. माझी बायको कोणत्या पदावर नव्हती. पण पाण्याच्या टाकीपासून लग्नातल्या भांडणापर्यंत कॉलनीत तिचा शब्द चालायचा. लोक मला तिच्या नावानं ओळखायचे. मला त्यात कमीपणा वाटला नाही, छाती फुगायची माझी.

दरवर्षी मेळ्याला जाताना ती छत्रीपाशी उतरायची आणि खांबांमधला पाला झाडून काढायची. मागच्या खेपेला झाडता झाडता म्हणाली, "मी आधी गेली तर एक करा. कोणी मले भाग्याची म्हणलं नाही पाहिजे. मी भाग्यानं काही केलं नाही, हातानं केलं."

"आणि म्हटलं तर?"

"तुमचं तोंड काय नुसतं खायला आहे?"

ती गेली ती रात्र सरली, सकाळ झाली. आमचा पोरगा रात्रीच गोपालपुऱ्याहून आला होता. बायका जमल्या. हिरवं पातळ आणलं, चुडा आणला. कॉलनीतल्या सगळ्यात जुन्या वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सवाष्ण गेली. भाग्याची बाई! असं मरण मागून मिळत नाही."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. 

तेवढ्यात फाटकात दूधवाली दिसली. मेळ्याची धुवट ओढणी, हातात मातेसाठी थंड पाण्याचा लोटा. आम्हाला न्यायला आली होती. तिला कोणी कळवलंच नव्हतं. ओसरीतली गर्दी पाहून ती समजली आणि फाटकाबाहेर धुळीत बसली. आत येईना. सवाष्णीला सजवताना विधवेनं जवळ जायचं नसतं.

मी फाटकात गेलो. "ऊठ. आत चल."

"ना भाईसाब. मेरे हाथ से नहीं."

"तिच्या हातानं तू कुंकू लावून घेतलंस की नाही?"

ती रडायला लागली. मी तिचा लोटा उचलला आणि आत निघालो, तशी ती मागं आली. बायका बाजूला सरल्या. वहिनी करंडा धरून तशाच.

"भाऊजी, असं करू नये. अपशकुन असतो."

"आता कोणाला अपशकुन होणार आहे व, वहिनी? ती तर गेली."

"पण भाग्याची म्हणून..."

"ती भाग्याची नव्हती. कर्तबगार होती. माझी बायको होती आणि इथं तिचं राज्य होतं. तिला कुंकू लावायचा पहिला हात कोणाचा, हे तिनं कधीच ठरवून ठेवलंय."

पोरगा मध्ये आला. मला वाटलं अडवतो. तो अडखळत म्हणाला, "आईला चाललं असतं. मतलब... आवडलं असतं."

मी वहिनींच्या हातातून करंडा घेतला आणि दूधवालीपुढे धरला. तिनं बोट बुडवलं. कुंकू मोठं लागलं, थोडं तिरपं, एका भुवईकडे उतरलेलं. वहिनी पदराच्या टोकानं ते नीट करायला वाकल्या.

"राहू द्या," मी म्हणालो, आणि करंड्याचं झाकण लावलं.