पेन्सिलीनं लिहिलेला शेरा

कदम साहेब लिहायला बसले की डावा पंजा कागदावर आडवा धरत, मग तो रजेचा साधा अर्ज का असेना. देवगाव फाट्याजवळच्या कालव्याच्या कचेरीत ते शाखाधिकारी होते. परभणीच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीतून बदली होऊन मी तिथं कालवा निरीक्षक म्हणून गेलो. पहिल्याच दिवशी सहज म्हणालो, "साहेब, आज ऊन फार आहे."

"असंल. पण कशावरून?" म्हणाले, आणि खरोखरच खिडकीतून हात बाहेर काढून बघितला.

चहासुद्धा समोरच्यानं घोट घेतल्याशिवाय तोंडाला लावत नसत. माणूस कामाला चोख. पाण्याच्या पाळीत त्यांनी कधी सग्यासोयऱ्याला पुढं घेतलं नाही. पण विश्वास नावाची चीज त्यांच्याकडं नव्हती. मीही काही कमी संशयी नव्हतो म्हणा.

मार्च संपला. आमचा गोपनीय अहवाल कदम साहेब लिहिणार आणि त्यावर मोठे साहेब सही करणार. त्या वर्षी माझी बढती ठरायची होती. बायको-मुली परभणीला, मी फाट्यावर भाड्याच्या खोलीत. बढती झाली तर परभणीला बदली होऊन घरी राहायला मिळणार होतं. साहेबांनी बोलावून कोरा फॉर्म पुढं सरकवला. "तुमचा शेरा तुमीच पेन्सिलीनं लिहून आणा. मी शाईनं गिरवतो."

मला तिथंच शंका आली. हा माणूस उन्हाचाही पुरावा मागतो, आणि माझ्यावर एवढा भरवसा? नक्कीच परीक्षा बघतोय. नम्रपणा दाखवला तर स्वतःच वाढवतील, असं धरून मी 'साधारण' लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि अक्षरन्अक्षर गिरवलं. शेजारच्या टेबलावरच्या वाघमारेनं बेधडक 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. तेही तसंच गिरवलं गेलं.

माझी बढती हुकली ती चार वर्षं. तेवढी वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडली.

निवृत्तीनंतर ते पेडगावला शेतावर राहत. अंथरुणाला खिळलेत असं कळलं म्हणून भेटायला गेलो. राहवलं नाही, विचारलंच, "साहेब, माझा शेरा वाढवला का नाही?"

"शिंदे, तुमी मोठ्या साहेबांच्या हाताखालून आलेले. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवायलाच धाडलंय तुमाला. चांगलं काम करणारा माणूस सोताला साधारण कशाला लिहील? मी वाढवलं की तुमी वर कळवणार, कदम खोटे शेरे देतो म्हणून. लय भ्यालो, बघा."

"मला कुणी धाडलं नव्हतं, साहेब."

"असंल," ते म्हणाले. पुढच्या 'पण कशावरून'ची मी वाट बघितली. ते आलं नाही.

महिन्याभरात साहेब गेले. मला राग यायला हवा होता, पण लाज वाटली. एकदा तोंड उघडून विचारलं असतं, तर मुलींची चार वर्षं माझ्याविना गेली नसती.

आता शेरे मी लिहितो. ज्याचा शेरा त्याला समोर बसवूनच लिहायचा, असं ठरवलं आहे. परवा असंच एका निरीक्षकाला बसवलं आणि लिहायला लागलो. तो मान उंच करून बघायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझा डावा पंजा कागदावर आडवा होता.