आजारी माणसाचा उपवास

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमचं कॅथलिक कुटुंब राहतं. वडील सत्तरीतले, त्यात मधुमेह. तरी यंदा गुड फ्रायडेला त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. दुपार व्हायच्या आत त्यांना दरदरून घाम फुटला. आईनं तोंडात साखर घातली आणि मी फादरना बोलावून आणलं.

"चर्चचा नियम हाय, फादर. मोडला तर पाप न्हाई का?" वडिलांनी विचारलं.

"नियम ज्याला लागू आहे त्यानं पाळलाच पाहिजे," फादर म्हणाले. "पण तुमच्या वयाच्या, आजारी माणसाला चर्चनं हा उपवास सांगितलेलाच नाही. जेवा तुम्ही."

वडिलांचे डोळे भरून आले. "मग देवाला मी द्यायचं तरी काय?"

"जे करायला जड जातं, ते द्या. ते काय, ते तुम्हालाच ठाऊक."

वडिलांनी दूधभाकरी खाल्ली. मग मला म्हणाले, "शिरूरच्या काकाला फोन लाव." एका लग्नातल्या मानापमानावरून दोघा भावांचा कित्येक वर्षं अबोला होता.

ईस्टरला चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्सेला, काका वडिलांच्या शेजारीच बसले होते.