तात्यांची रविवारची बारी

रविवारी उन्हं कलली की शरणप्पा तात्या डोक्याला टोपी घालून गल्लीत उतरत आणि दारोदार हाळी देत निघत. "बारी माझी हाय बरं का! वायफाय बंद करा समद्यांनी!" मी मुरुमला बदलून येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा ही हाळी पहिल्यांदा ऐकली. ही काय नवी भानगड म्हणून दार उघडलं, तर समोर आमचे घरमालक उभे. उंच, वाळलेलं अंग, कडक इस्त्रीचा सदरा. "मॅडम, तुमचा मोबाईल बी बंद करा. माझी लेक बोलनार हाय आता जर्मनीहून. तुमी हिकडं नळ उघडा ठिवला तर माझ्या वावरात थेंब बी यायचा न्हाय."

मी निमूटपणे मोबाईल बंद केला. घरमालकाशी पहिल्याच आठवड्यात वाद घालायचा नसतो, एवढं शहाणपण मला तीन गावांच्या बदल्यांनी दिलं होतं.

मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते आणि तात्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. पुढच्या घरात तात्याही एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक सुनंदा नवरा आणि छोट्या मीरासह जर्मनीत. घरी ऊस होता, तूर होती, भाड्यावाचून तात्यांचं काही अडत नव्हतं. मग खोल्या का देता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरात दुसऱ्या कुकरची शिट्टी झाली म्हंजे बरं वाटतंय. आपल्या एकट्याच्या कुकरची शिट्टी आपनच मोजायची, ह्यात काय मजा हाय?"

गल्लीत तेव्हा वायफाय एवढं एकच होतं, तात्यांचं. मोबाईलची रेंज म्हणाल तर उभ्या माणसाला एखादी दांडी, बसलेल्याला तीही नाही. सुनंदानं आग्रह करून वडिलांसाठी वायफाय बसवून घेतलं आणि तात्यांनी त्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी अख्ख्या गल्लीला सांगून टाकला. आल्यावर हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "अहो तात्या, हे असं सगळ्यांना द्यायचं नसतं." तात्यांना ते पटण्यासारखंच नव्हतं. "कुनी पानी मागितलं तर आपन न्हाय म्हनतो का? तसंच हाय हे." आता सगळी गल्ली त्यावर सिनेमे बघू लागल्यावर जर्मनीची लेक अडकणार नाही तर काय होणार! पण पासवर्ड बदलणं तात्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी बारी लावली.

कारण तात्यांचं सगळं आयुष्य पाणी वळवण्यात गेलं होतं. चार भावांत मिळून एक विहीर, आणि ज्याची बारी असेल त्यानंच मोटार चालवायची. बाकीच्यांनी त्या वेळेला विहिरीकडं फिरकायचंसुद्धा नाही. ह्या नियमावर चौघांत कधी भांडण झालं नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान. इंटरनेटही बाहेरून वायरीतून घरात येतं, सगळे मिळून ओढू लागले की कमी पडतं, हे कळल्यावर त्यांच्या लेखी नवीन शिकण्यासारखं काही उरलंच नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांची बारी चालली. गल्लीतली माणसं हसत, पण त्या घटकेपुरतं मुकाट्यानं बंद करत.

गाडं पुढं गेलं ते त्यांच्या पाईपलाईनच्या विद्येमुळं. एक दिवस कॉलेजातून आले तर बैठकीच्या खोलीत मानेच्या उंचीवर वायर ताणलेली. खिळ्याखिळ्यांनी भिंतीच्या कडेनं नेलेली ती वायर तात्यांनी उपटून खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत सरळ ओढली होती. "लई एल्बो झालते, मॅडम. एवढ्या वळनानं पानी बी दमतंय." पुढं कित्येक दिवस त्या घरात येणारा प्रत्येक जण वाकून नमस्कार करत आल्यासारखा आत येई. टपालवाला तर दारातूनच हाक मारायला लागला.

सरळ वायरीनं काही होईना, तेव्हा त्यांनी वायफायची डबी उचलून गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी नेली. टाकी जितकी उंच तितकं प्रेशर जास्त, हे तर उघडच होतं. मग धूळ आणि पाऊस लागू नये म्हणून सुनंदाच्या लग्नातला लाडवांचा मोठा स्टीलचा डबा काढला, डबी त्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. त्या रविवारी जर्मनी लागलंच नाही. तात्या घामाघूम होऊन माझ्याकडं आले. मी वर जाऊन बघितलं आणि मला हसू आवरेना. म्हटलं, "तात्या, हे काय लाडू आहेत का मुंग्या लागायला? स्टीलच्या डब्यातून ते बाहेर येत नाही." तात्यांनी माझं बोलणं अगदी लक्षपूर्वक ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर डब्याला खिळ्यानं चहूबाजूंनी भोकं पाडलेली! "जरा येऊ लागलंय," म्हणाले. काहीसुद्धा येत नव्हतं. शेवटी मीच डबी खाली आणून कपाटावर ठेवली, तेव्हा कुठं जर्मनी पुन्हा लागलं.

ह्या सगळ्या खटाटोपाला मी हसत होते, पण रविवारची त्यांची तयारी बघितली की हसू जिरायचं. दुपारीच दाढी. धुतलेला सदरा. खुर्ची खिडकीसमोर अशी मांडायची की पाठीमागच्या भिंतीवरचा काकूंचा फोटोही लेकीला दिसावा. मग फोन हातात धरून बसून राहायचं. फोन लागला की पुढचा घंटाभर मला मागच्या खोलीत एकच ऐकू येई. "सुने, ऐकू येतंय का? आता? आता येतंय का? हॅलो! चकरी फिरायली बघ नुस्ती. ठिव, परत लाव." ती परत लावी. पुन्हा तेच. कधी मला हाक मारत. "मॅडम, बगा हिकडं." मी जाऊन बघे, तर पडद्यावर मीरा तोंड उघडं ठेवून थिजलेली. "अटकली. पर हसता हसता अटकली बगा," असं म्हणून ते त्या थिजलेल्या चेहऱ्याकडं बघत राहत. अटकलेली लाईन मोकळी होऊ नये असंच त्यांना वाटत असावं असा तेव्हा मला संशय येई.

पण त्यांनी नाद सोडला नाही. "एकदा नीट लागू द्या, मग बगा कसं पोटभर बोलताव," हे त्यांचं पालुपद होतं. अखेर त्यांनी केबलवाल्याच्या मागं लागून नवी लाईन ओढून घेतली. जुनी वायर खारींनी कुरतडली होती, असं त्यानं दाखवलं. एव्हाना गल्लीतल्या बहुतेकांनी आपापली वायफाय घेतली होती, त्यामुळं बारीचीही गरज उरली नव्हती. तरी पहिल्या रविवारी तात्या सवयीनं टोपी घालून अंगणापर्यंत गेले आणि परत आले.

त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. सुनंदा पडद्यावर आली ती अगदी समोर येऊन बसल्यासारखी. तात्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन तिला निरखून बघितलं. मग म्हणाले, "सुने, केस पिकले की गं तुजे."

"मग? वय झालं की तात्या," ती हसली. "आज किती स्वच्छ दिसताय तुम्ही. औषध घेताय ना?"

"घेतो की. जेवलीस का?"

"जेवले. बाकी?"

"बाकी काय न्हाय. पाऊस बरा हाय."

"बरं." तिची नजर अधूनमधून बाजूला वळत होती, बहुधा दुसरं कसलं तरी काम उघडं असावं. अस्पष्ट चित्रात हे कधी दिसलं नव्हतं. मीरा येऊन "आजोबा, बाय" म्हणून गेली. पुन्हा एकदा "बाकी?" झालं, आणि चहा गार व्हायच्या आत बोलणं संपलं. वाईट कोणीच वागलं नव्हतं. सुनंदा गुणाची मुलगी, तिच्या मागं नोकरी होती, घर होतं. पण इतकी वर्षं लाईन जोडण्यातच बापलेकींचा वेळ जात होता आणि आता जोडलेल्या लाईनवर काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. तात्या फोन खाली ठेवून म्हणाले, "लाईन सुदारली, पर बोलनंच सरलं की ओ मॅडम."

पुढचे दोन-तीन रविवार असेच गेले. नंतरच्या एका रविवारी मी कणीक मळत होते, तर पुढून आवाज आला, "हॅलो! सुने, ऐकू येईना बघ. चकरी फिरायली. परत लाव." मला वाटलं नवी लाईनही गेली. पिठाच्या हातानं पुढं गेले. पडद्यावर सुनंदा लख्ख दिसत होती, तिचा "तात्या, मला तुमचं नीट येतंय" हा आवाजही खणखणीत येत होता. तात्यांनी मला बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं आणि स्वतःच्या बोटानं फोन कट केला. मग तो दोन्ही हातांत धरून वाट बघत बसले. फोन वाजला. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी तशीच मागं फिरले.

त्यानंतर दर रविवारी लाईन बिघडू लागली. पुन्हा ते हॅलो हॅलो, पुन्हा ते "परत लाव". मी त्यांना कधी काही विचारलं नाही आणि त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. पण एका रविवारी त्यांनी फोन कट केला आणि तो वाजेचना. बऱ्याच वेळानं नुसता मेसेज आला. चष्मा सापडत नाही म्हणून त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. "तात्या, आज लाईन फार खराब आहे. दुरुस्त करून घ्या, मग निवांत बोलू. पुढच्या रविवारी."

"तिचं बी खरंच हाय," तात्या म्हणाले. "किती बार लावंल?" मी उठायला लागले तर म्हणाले, "मॅडम, गडबडीत हाव का? न्हाय तर बसा की जरा." मी बसले. आम्ही उसाच्या, कॉलेजच्या, कशाकशाच्या गोष्टी केल्या. पुढं मी मुरुममध्ये होते तोवर रविवारी संध्याकाळी माझं जेवण पुढच्या घरात होऊ लागलं. फोन मात्र आता कधी येई, कधी नुसता मेसेज.

नंतर माझी बदली धाराशिवला झाली आणि त्याच हिवाळ्यात तात्या गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. सुनंदा मातीला पोचू शकली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती बैठकीच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. रजा संपल्यामुळं इथूनच काम करत होती. पलंगावर मीरा कार्टून बघत होती, आणि ते कुठंही न थांबता सुरळीत चाललं होतं.

सुनंदा माझ्या गळ्यात पडून रडली. शांत झाल्यावर म्हणाली, "मॅडम, मी आल्यापासून हे नेट एकदाही अडकलं नाही. मग तात्या बोलायचे तेव्हाच कसं हो अडकायचं?"

वर्गात कोणत्याही प्रश्नाला मी उत्तर देते. इथं तिच्या डोळ्यांकडं बघवेना म्हणून मी मीराकडं बघत म्हटलं, "आत्ताच दुरुस्त करून गेला म्हणे केबलवाला. तात्या गेल्यावर."

"जरा आधी आला असता," ती डोळे पुसत म्हणाली, "तर पोटभर बोललो असतो हो आम्ही."

"हो गं," मी म्हटलं.