आदल्या संध्याकाळची सकाळ

आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे ह्यांचे पाठचे भाऊ, रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करतात. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे गजरकाका म्हणतात. गाव उठायच्या आत ते उठतात, अंधारात सायकल काढतात आणि बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या केंद्रात जाऊन बसतात. मग ऑफिसं उघडेपर्यंत घराघरात त्यांचा आवाज. कुठल्या भागात पाणी येणार नाही, पुलाचा रस्ता मोकळा आहे का, कोणाचं मांजर हरवलं, कोण गेलं. मध्ये एखादं भजन, एखादं सिनेमातलं गाणं. माझा जप आणि त्यांची बडबड एकाच वेळी चालते. देवालाही आता सवय झाली असावी.

यंदा भाऊजी केंद्राच्या जिन्यातच चक्कर येऊन बसले. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि स्पष्ट सांगितलं, "झोप पुरी करा, नाहीतर ही नोकरी सोडा." भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. दोन दिवस धड जेवले नाहीत. दुसरं काही काम त्यांनी कधी केलेलं नाही, आणि करायची इच्छाही नाही.

शेवटी धाकट्या जाऊबाईनेच तोड काढली. ती त्यांना न विचारता केंद्राच्या साहेबांना भेटून आली. साहेब म्हणाले, संध्याकाळीच बोलून ठेवा, सकाळी आम्ही लावून देऊ. लोकांना सांगायची काय गरज? त्यांना गाणी आणि गप्पा मिळाल्या की झालं.

तसं सुरू झालं. भाऊजी सकाळी उजाडेपर्यंत झोपायला लागले. "ताई, घोरतात हो!" जाऊबाई मला कौतुकाने सांगायची. "किती वर्षांनी ऐकलं घोरणं!" भाऊजी मात्र अवघडलेले.

"वहिनी, दिवेलागणीला 'उठा मंडळी, उजाडलं' म्हणायला जीभ वळत नाही."

"मग नका म्हणू," मी म्हटलं.

"असं कसं? लोक त्याचीच तर वाट बघतात."

एका सोमवारी आमचं दूध नासलं. भाऊजी घरीच, म्हणाले मी आणतो. मलाही पूजेला फुलं हवी होती, म्हणून मी बरोबर निघाले. धुकं असं की समोरून येणारा माणूस अंगावर येईपर्यंत दिसेना. दूधवाल्या मावशींच्या दुकानात फळीवर रेडिओ चालू होता आणि पुढे रांग. भाऊजी गळ्याला मफलर गुंडाळून रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला आणि नेमका तेव्हाच रेडिओवरून त्यांचाच आवाज आला, "मंडळी, काय लख्ख ऊन पडलंय! मी इथे खिडकीतून बघतोय, पुलापर्यंतचा रस्ता कसा स्वच्छ दिसतोय!"

मावशींचा पिशवी धरलेला हात तसाच थांबला. त्यांनी एकदा रेडिओकडे बघितलं, एकदा भाऊजींकडे.

"गजरकाका, तुम्ही तर इथे. मग तिथे खिडकीत कोण बसलंय? जुळा भाऊ आहे की काय?"

रांग खो खो हसली. भाऊजींनी मफलर हनुवटीवर ओढला. "कालचं आहे ते," ते पुटपुटले. "रेकॉर्ड केलेलं."

मागे शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर होता. तो हसला नाही. "म्हणजे कालचं शिळं ऊन आज वाढताय होय? मी तुमच्या शब्दावर पुलावरून गाडी घालतो. लोकांची पोरं असतात माझ्या गाडीत."

"ऊन आहे का धुकं, ते शटर उघडलं की मलाही दिसतं," मावशी म्हणाल्या. "त्याचं काही नाही. पण अंधारात एकटीने कुलूप काढताना वाटायचं, एक माणूस आपल्याआधी उठून बसलाय. आणि तुम्ही अंथरुणात!"

भाऊजी दूध न घेताच वळले. दूध मी घेतलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. केंद्रात फोनवर फोन. लोकांना सांगायची काय गरज म्हणणारे साहेबच आता म्हणाले, "उद्यापासून स्वतः येऊन बसा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

संध्याकाळी घरात कोणाला दिवा लावायचंही सुचेना, मीच लावला. जाऊबाई धुमसत होती. "त्या मावशीला सोबत हवी म्हणून माझ्या नवऱ्याने जिन्यात पडायचं?"

"दुपारी झोपत जा की," आमचे हे म्हणाले.

"दुपारी?" भाऊजी हसले. "एक डोळा लागतो तोवर बेल वाजते. मांजर हरवलेले येतात, मांजर सापडलेले येतात."

"आणि हे सगळ्यांना या, बसा म्हणतात!" जाऊबाई म्हणाली. मग एकदम थांबली. "लोकांना तुमचं उठणं हवंय ना? मग तुमचं झोपणंही त्यांनीच सांभाळावं. उद्या सांगा तसं. तुमच्या तोंडाने."

"असं रेडिओवर सांगतात का कुठे?"

"खोटं ऊन सांगता येतं, मग हे का नाही?"

भाऊजींनी उठून पहाटेचा गजर लावला.

सकाळी मी माळ हातात घेतली, पण मणी पुढे सरकेना. भाऊजी बोलले, "मंडळी, आजही धुकं आहे. पुलावरून हळू जा. कालचं ऊन खोटं होतं, ते मी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवलं होतं. चुकलं माझं. मी रोज इथे येईन. पण डॉक्टरांनी झोप सांगितली आहे, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. तेव्हा जेवणानंतर चहाच्या वेळेपर्यंत माझ्या घरी कोणी यायचं नाही आणि फोन करायचा नाही." आणि लगेच पाण्याची सूचना वाचायला लागले.

दुपारी खरंच सामसूम. भाऊजींना झोप लागली. जाऊबाई आणि मी कुजबुजत शेंगा सोलत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात दूधवाल्या मावशी.

"झोपलेत ना?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हटलं, बघून यावं. माझ्या बोलण्यावरून एवढं सगळं झालं, जिवाला चैन पडेना."

"झोपले होते!" जाऊबाई म्हणाली. मागे भाऊजी डोळे चोळत उभे. मावशींनी जीभ चावली.

जाऊबाईने स्टूल आणलं आणि बेलची वायर काढायला वर चढली. मावशींनी पिशवी खाली ठेवून स्टूल धरलं.

आता येणारे दार वाजवतात, पण फार कमी येतात. आणि दुपारी आमच्या रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवला की व्हॅनचा ड्रायव्हर त्यालाच झापतो. काल भाऊजी डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्तदाब थोडा उतरलाय. "चालू दे नोकरी, पण झोप मोडायची नाही," डॉक्टर म्हणाले, आणि निघताना भाऊजींच्या हातात एक चिठ्ठी दिली. दवाखाना रविवारी बंद राहील, तेवढं सकाळी सांगून टाका म्हणे.