सुदामच्या पिकअपचं नाक

नोकरीत असताना माझ्या टेबलावर फाईली साचायच्या. निवृत्त झाल्यावर रफिक मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या बाकावर बसायला लागलो आणि किस्से साचायला लागले. फाईल वर्षानुवर्षं पडून राहू शकते, हे मी अनुभवानं सांगतो. किस्सा मात्र दोन दिवस पोटात ठेवला की आपोआप बाहेर येतो. यातले सगळे एकाच गाडीचे आहेत, त्याला माझा इलाज नाही. आमच्या बाकानं तेवढं एकच मोठं काम हाती घेतलं होतं.

बाक नांदेडात, लातूर रोडला. बाकावर मी आणि कांबळे सर. सर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. समोर रफिक मिस्त्री, आणि मिस्त्रीच्या पुढ्यात बहुतेक दिवस माझ्या शेजारच्या सुदामची पिकअप. गाडी जुनी, पण स्वतःची. सोयाबीन, हळद, मिळेल तो माल भरायचा आणि लातूरच्या अडतीला पोचवायचा, हा सुदामचा धंदा. सपाटीला गाडी गुमान पळायची. चढ दिसला की तिला दम लागायचा.

*

लोह्याकडं जाताना असाच एक चढ आहे. त्याला नाव नाही. सुदामनं ठेवलेली आहेत, पण ती इथं लिहिता येत नाहीत.

एकदा मी सोबत होतो. मागं सोयाबीनची पोती. चढाच्या मध्यावर इंजिन धापा टाकायला लागलं. पहिला गिअर, काळा धूर, आणि वेग असा की रस्त्याकडेचं गवत मोजता यावं. सीताफळांची पाटी डोक्यावर घेतलेली एक मावशी आमच्या मागून चालत येत होती. थोड्या वेळानं ती शेजारी आली. मग खिडकीशी येऊन सुदामला म्हणाली,

"बाबा, एक पोतं दे इकडं. वर भेटू!"

*

ही बातमी सुदामच्या मेहुण्यापर्यंत पोचली. बालाजी त्याचं नाव, रेणापूरला किराणा दुकान. दुकान चांगलं चालतं आणि तो ते कोणाला विसरू देत नाही. आल्या आल्या चहाच्या आधीच म्हणाला,

"दाजी, इका ती गाडी. गिऱ्हाईक मी बघून ठिवलंय. दुकानात या माझ्या. डोक्यावर पंखा हाय."

सुदामचा चेहरा असा झाला, जणू पंखाच डोक्यावर पडलाय. मेहुण्याच्या दुकानात साखर मोजत बसायचं म्हणजे काय, हे लग्न झालेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सुनंदा, म्हणजे सुदामची बायको, चहा घेऊन बाहेर आली. "दादा, उगं घाई नको. खंडेनवमीला गाडीची पूजा करू, पुरा माल भरू आन् तो चढ चढू. तू बी बस गाडीत. वर गेली तर गाडी ऱ्हाईल. न्हाई गेली तर तुझ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकू."

सुदाम मला नंतर म्हणाला, "काका, हिनं मला इचारलं बी न्हाई!"

मी म्हटलं, "विचारलं असतं तर तू काय बोलला असतास?"

त्यावर तो अजून विचार करतो आहे.

*

रफिक मिस्त्रीनं एअर फिल्टरचा डबा उघडला. आत भुसा, पिसं आणि माती. माती इतकी की तिचा सातबारा निघाला असता. मी तहसिलीत होतो, मला अंदाज आहे.

"देखो साब," मिस्त्री म्हणाला, "इंजन में कुछ खराबी नै. दम घुटरा उसका. नाक, म्हंजे हवा ओढायचं तोंड, बोनेटच्या आत, तिथं गरम हवा आन् चाकांची धूळ. फिल्टर नवा टाकतो, पण नाक वर न्यायला पाहिजे. टपाच्या वर. तिथं हवा थंडी, धूळ कमी."

सुदामनं मोबाइलवर तयार किट शोधलं. किंमत वाचली, मोबाइल खिशात ठेवला आणि थोडा वेळ त्याचाच दम घुटला.

"मिस्त्री, स्वस्तात करा," तो म्हणाला.

"स्वस्तातच करतो मी," मिस्त्री म्हणाला. "महाग करायला आलंय कोण इथं आजपतर?"

*

पहिला प्रयोग कांबळे सरांचा. त्यांच्या घरी जुन्या कूलरचा मऊ, जाडसर पाइप पडून होता. तो फिल्टरच्या डब्याला जोडला, दुसरं टोक टपापर्यंत नेलं. सुदामनं ॲक्सिलरेटर दाबला. पाइप आतल्या आत चपटा झाला, पापडासारखा, आणि इंजिन बंद!

सुदाम कपाळाला हात लावून खाली बसला. सर मात्र उभे राहिले, टाळ्या वाजवत.

"वातावरणाचा दाब! बघितलं का? बघितलं का! नोकरी संपेपर्यंत हा प्रयोग वर्गात दाखवायचा होता. शाळेचा हवा काढायचा पंप कधी चाललाच नाही!"

आणि सुदामला पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुन्हा एकदा दाब रे."

*

मग आम्ही भंगारात गेलो. तिथं ट्रॅक्टरच्या नाकावर असते ती गोल टोपी मिळाली. हवा तिच्या कडेच्या फटींतून आत शिरते, गरगर फिरते आणि जड धूळ वाटीत पडते.

भंगारवाला म्हणाला, "ही ट्रॅक्टरची. पिकअपला चालायची न्हाई."

मिस्त्री म्हणाला, "ट्रॅक्टरला तरी कुठं चालली? तुमच्याकडंच आली की!"

भाव तिथंच पडला.

लोखंडी पाइपही तिथंच सापडला. एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासच्या पाटीचा खांब. तसा तो आतून स्वच्छ, कुठं गंज नाही. सरांनी एका टोकाला डोळा लावून आरपार बघितलं आणि शेरा दिला,

"क्लास जोरात होता तेव्हाही यातून नुसती हवाच जात होती."

*

पाइप केबिनच्या मागच्या कोपऱ्याला उभा बसला, जोड घट्ट झाले. टोपी चढवायच्या आधी मिस्त्रीला परीक्षा घ्यायची होती. जेवणाचा डबा घेऊन आलेली सुनंदा मागं हौद्यात चढून बघत होती. मिस्त्री खालून ओरडला, "भाभी, पाइप के मुंह पे हात रखो!"

तिनं तळवा ठेवला. इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. मिस्त्री खूश. "मतलब और कहीं से हवा चोरून राहिलं नै. एकदम पक्का जोड."

सुनंदानं आपल्या तळव्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "बरं हाय की हे. मिस्त्री, घरातल्या माणसाला बसवून देता का असं?"

*

रस्त्यावर पहिल्याच दिवशी हवालदारानं सुदामला आणि मला अडवलं.

"हे काय? धूर वरून सोडतो का?"

"न्हाई साहेब, सोडत न्हाई. हवा आत घेतो."

हवालदारानं त्या पाइपाकडं बराच वेळ बघितलं. मग माझा चष्मा, माझी पिशवी बघून मीच काहीतरी अधिकारी असेन असं त्याला वाटलं असावं. "काय हो साहेब, हवा घ्यायला परवानगी लागते का?"

मी म्हटलं, "मी रिटायर होईपर्यंत तरी लागत नव्हती."

त्यानं सलाम केला!

*

खंडेनवमी उजाडली. गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, नारळ फुटला. पोती भरली होती. बालाजी पांढऱ्या कपड्यांत आला. सगळं बघून म्हणाला, "आमची काय दुश्मनी न्हाई गाडीशी. मान तो मान!" आणि पिशवीतून भगवा फेटा काढून त्यानं तो पाइपाच्या टोपीवर असा बांधला, जसा नवरदेवाला बांधतात. गच्च, शेमला मागं सोडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री तेव्हा दुसऱ्या गाडीच्या पूजेला गेला होता.

केबिनमध्ये सुदाम, सुनंदा, बालाजी. मागं पोत्यांवर मी आणि कांबळे सर. गाडी निघाली तशी जडच वाटत होती, पण माल पुरा होता. फेट्याचा शेमला वाऱ्यानं आमच्या तोंडावर फडफडत होता. मेहुण्याचा मान उडून जाऊ नये म्हणून सरांनी तो हातात धरून ठेवला. ते दमले की मी धरायचो.

चढ आला. दुसरा गिअर. पहिला गिअर. काळा धूर. मध्यावर गाडी थांबली.

 बालाजीनं मोबाइल काढला आणि गिऱ्हाइकाचा नंबर शोधायला लागला. सुदाम खाली उतरला आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिला, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मी आणि सर वर बसून होतो. शेमला सरांच्या हातात.

सुनंदा उतरली. तिनं इंजिनाकडं बघितलं नाही. वर बघितलं. मग स्वतःच्या तळव्याकडं बघितलं.

"सर," ती म्हणाली, "ते सोडा हातातलं."

हौद्यात चढून तिनं फेटा उचकटला, खाली आली आणि खिडकीतून हात घालून तो भावाच्या डोक्यावर ठेवला. "दादा, धर. मान तुझा हाय." आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, बसा."

सुदामनं किल्ली फिरवली. गाडीनं एक मोठा श्वास घेतला, तो आम्हाला पोत्यांवर ऐकू आला! पहिला गिअर. मग दुसरा. त्या चढावर तिसरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला. पुढं रस्त्याच्या कडेनं सीताफळांची पाटी चालली होती. सुदामनं चढ संपायच्या आधीच मुद्दाम ब्रेक लावला.

"मावशे, पाटी दे इकडं. वर भेटू!"

मावशी पाटीसकट वर चढली, आमच्या शेजारी बसली, आणि भरल्या गाडीनं चढावर जागेवरून उचल घेतली. सर आकाशाकडं बघत होते. वातावरणाच्या दाबाबद्दल त्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत.

लातूरला माल उतरवला आणि बालाजीला सोडायला रेणापूरला गेलो. वाटभर त्यानं फेटा काढला नाही. दुकानासमोर गाडी थांबली. तो उतरला तशी गिऱ्हाइकं गोळा झाली.

"शेठ, फेटा? सत्कार कशाचा?"

बालाजीनं फेटा नीट केला, पिकअपच्या पाइपावर थाप मारली आणि म्हणाला,

"आमच्या गाडीचा!"