ताईच्या वतीने

माझी थोरली बहीण जन्मापासून बहिरी. खोडदला आमच्या घरी सगळे तिच्याशी दहा-वीस खुणांवर भागवायचे: जेव, ये, म्हशीला पाणी दाव. तिचं पूर्ण बोलणं कळायचं ते एकट्या मला, तिच्या धाकट्या बहिणीला, आणि त्याचा मला भारी तोरा होता. गावाजवळ उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्यांसाठी ती डोक्यावर परात धरल्यासारखे हात करायची, वडिलांसाठी नुसती कपाळाला आठी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून एक बाई आल्या. खेड्यांतल्या बहिऱ्या माणसांच्या भाषेचा त्या अभ्यास करत होत्या. वडील हसून म्हणाले, "मुकीची कसली भाषा वो बाई?" बाईंनी सरळ ओसरीवर कॅमेरा लावला. ताईने सांगायचं आणि मी त्याचं मराठी करायचं, असं ठरलं.

घरात अलीकडे काय झालं, असा पहिलाच प्रश्न होता. ताईचे हात सुरू झाले ते थांबेचनात. मी म्हटलं, "पावणं आलं व्हतं, पोहं केलं व्हतं, आसं म्हणतीय."

दुपारी बाईंनी तीच कॅसेट आमच्या टीव्हीवर लावली. त्यांची कामाची रीतच तशी होती. चित्र थांबवायचं, एकेका खुणेचा अर्थ विचारायचा आणि वहीत लिहायचा. "ती इतका वेळ बोलली आणि तुम्ही पोह्यांवरच उरकलंत," त्या म्हणाल्या. "हे गळ्याभोवती काय दाखवलं?"

"टेप. शिंप्याचा." मी म्हटलं.

नारायणगावचा तो शिंपी. तोही बहिरा. ताईला बघायला आला तेव्हा दोघं तासभर हातांनी बोलत बसली होती, आणि एकदा तर इतकी हसली की पोह्यांची बशी लवंडली. त्याने होकार कळवला. मोडता घातला तो आमच्याच लोकांनी. "दोगंबी बहिरी. घरात चोर शिरला तर कळायचं कुणाला?" मग वडील मला म्हणाले, "त्यांचाच नकार आला, आसं सांग तिला. तुजंच ऐकती ती." मी सांगितलं. तिच्या भल्यासाठीच, अशी मनाची समजूत घातली.

आणि टीव्हीवर ताई विचारत होती, मी त्याला का आवडले नाही? फार हसले म्हणून का?

मी बाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी वही मिटली. "मला काय सांगता? ती इथंच बसलीय."

ताई शेजारी बसून पडद्यावर स्वतःलाच बघत होती. मी तिला वळवलं आणि सांगितलं: त्याचा होकार होता, नाही आम्ही म्हटलं. तिने कपाळाला आठी घातली. वडिलांनी? मी मान डोलावली. मग तिचं बोट माझ्याकडे आलं. तुला माहीत होतं? इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. हो म्हणावंच लागलं.

शिंप्याचं लग्न तोवर दुसरीकडे ठरून गेलं होतं.

पुढच्या महिन्यात बाई पुन्हा आल्या. मी सवयीने ताईशेजारी जाऊन बसले. तिने माझा दंड धरून मला उठवलं आणि आत जायला सांगितलं. मग कॅमेऱ्यासमोर एकटीच बसून ती बाईंशी बोलू लागली, त्यांना माझ्याशिवाय कळावं इतकं सावकाश.