आधी समोरच्याचं

आक्का गेल्याचा फोन आमच्या गावाहून, रिह्याहून आला, तेव्हा मी तिच्यावर रागावलेलीच होते. थोड्याच दिवसांपूर्वी तिला भेटून आले होते. पुण्याला चल, ऑपरेशन करून घे, म्हणून हात धुऊन मागे लागले होते. तिने नेहमीसारखा हात वर केला. "थांब. आधी तुजं मी सांगते." आणि माझी भीती, माझा एकटेपणा, आम्हा दोघी बहिणींपुरतं उरलेलं माहेर, सगळं असं मांडलं की मला डोळे पुसावे लागले. "व्हय, असंच म्हणायचंय मला," मी म्हणाले. वाटलं, जिंकले. मग ती म्हणाली, "आता माजं ऐक. मी हितंच राहनार."

ही खोड आबांची, आमच्या वडिलांची. गावातली भांडणं आमच्या ओसरीवर यायची आणि आबांचा नियम एकच. ज्याची तक्रार, त्याने आधी समोरच्याची बाजू सांगायची. समोरचा "व्हय, असंच हाय" म्हणेपर्यंत स्वतःचं काही बोलायचं नाही. पुष्कळ भांडणं तिथेच निवायची.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पुण्यात मावशीकडे राहून आक्का इंटर झाली आणि तिने वकिलीचं खूळ डोक्यात घेतलं. तिला हवं होतं त्या कॉलेजात प्रवेशाआधी तोंडी परीक्षा असायची. एखादा वाद द्यायचे आणि बाजू मांडायला लावायचे. घरात ना पुस्तकं, ना कुणी सांगणारं. त्यात आवणीचे दिवस. मग भाताच्या खाचरात, चिखलात वाकून रोपं लावता लावता आम्ही दोघी खटले चालवायचो. धनगराच्या शेळ्यांनी कोवळी रोपं खाल्ली, मी शेळ्यांची वकील, ती शेताची. मग उलट. मी हरले की चिखल फेकायचे. आई बांधावरून ओरडायची, "अगं, हात चालवा! तोंडं लई चालत्यात!" ... त्या चिखलाचा गारवा अजून बोटांना आठवतो.

खरी परीक्षा मात्र घरातच होती. आबांना शिकण्याचं वावडं नव्हतं, पण वकिली त्यांना पटेना. कॉलेजच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी आक्काला ओसरीवर समोर बसवलं. "तुजं काय ते सांग. पन आदी माजं."

आक्काने सुरुवात केली. आबांनी जन्मभर भांडणं मिटवली आणि पोरगी भांडणावर पोट भरणार. आईला दमा, आवणीला हात कमी. थोरलीचं लग्न लांबलं की धाकटीचंही अडणार. "व्हय, असंच हाय," आबा म्हणाले. आता पाळी तिची होती. आक्का हळूच म्हणाली, "मला पटलं तुमचं, आबा."

मला रडू फुटलं. एवढी तयारी केली आणि ही बया आपल्याच तोंडाने हरली!

तेवढ्यात आई चुलीपासून उठून आली. ओसरीवरच्या न्यायनिवाड्यात तिला बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. "अवं, तिनं तुमचं सांगितलं. आता तुमी तिचं सांगा की."

आबांनी घसा खाकरला. "तिला वकील व्हायचंय. कारण..." पुढे सरकेनात. पुन्हा म्हणाले, "कारण..." कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मला न्हाई सांगता येत. मग निकाल कसा दिऊ?" सकाळी तेच तिला घेऊन एसटी पकडायला पौडपर्यंत चालत गेले.

कॉलेजात तिने दुसऱ्याचीच बाजू आधी मांडायला घेतली, तेव्हा एक सर म्हणाले म्हणे, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या वकील?" "ऐका तरी, सर," आक्का म्हणाली. त्यांनी ऐकलं आणि तिला प्रवेश मिळाला. पुढे तिने जन्मभर वकिली केली आणि कितीतरी अशिलांना समजावून घरी परत पाठवलं. आबा ते गावभर सांगत हिंडायचे.

हल्ली रिह्याला आले की मी ओसरीवर तिच्या जागेसमोर बसते. राग अजून गेलेला नाही. म्हणून आधी तिचं सांगून बघते. तिला नळ्या लावून घ्यायच्या नव्हत्या. डोळ्यांसमोर खाचरं हवी होती. माझ्या म्हातारपणावर आपलं आजारपण टाकायचं नव्हतं... सगळं सांगून होतं. मी थांबते.

नुसतं "व्हय" म्हण गं आक्का. मग मी माझं सांगते.